गावाकडून नागपूरच्या कॉकटेल बारमध्ये जाताना

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी असल्यामुळे तिकडच्या मंडळींना हॉटेलातील कॉकटेल बारसाठी बहुधा नागपूरच गाठावे लागते. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणून वयाचा पुरावा जवळ ठेवावा. मेनूतील नावांनी बिचकू नये. आंबट, गोड की कडू चव हवी, एवढे बारटेंडरला सांगितले की पुरते. निग्रोनी ही कॉकटेल मात्र जिन, कांपारी (कडू इटालियन मद्य) आणि गोड व्हर्मुथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) समप्रमाणात घेऊन करतात, त्यामुळे ती चांगलीच कडू आणि जहाल लागते. पहिल्याच खेपेला ती मागवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. करासह किंमत आधीच विचारावी, त्यात संकोच कसला? परतताना गाडी स्वतः चालवू नये आणि बंदीच्या जिल्ह्यात बाटली सोबत नेऊ नये.