कॅन्सर वॉर्डातला जलद स्वॅब: नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरांसाठी

केमोनंतर रक्तपेशींचे काउंट्स खाली गेलेल्या पेशंटला साधी सर्दीही महागात पडते. फ्लू, कोविड किंवा आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) छातीत उतरायला वेळ लागत नाही, आणि पांढऱ्या पेशीच कमी असल्यामुळे ताप येईलच असंही नाही. म्हणून मुंबईत पाऊस लागला, फ्लूचे पेशंट वाढू लागले, की "घसा जरा खवखवतोय" एवढं ऐकूनही आम्ही डॉक्टरांना कळवतो आणि स्वॅबची, म्हणजे नाकात काडी घालून नमुना घ्यायची, तयारी करतो.

काडी हातात घेण्याआधी सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) बघा. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट खूप कमी असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. घोळणा फुटला तर रक्त लवकर थांबत नाही. काडी वर डोळ्याकडे न्यायची नाही, टाळूला समांतर, कानाच्या दिशेने सरळ मागे. अडली तर जोर न लावता दुसरी नाकपुडी घ्या. आणि आधी सांगा, "काका, डोळ्यात पाणी येईल, डोकं मागे घेऊ नका." एवढ्यानेच निम्मं काम सोपं होतं.

अँटिजेन कार्ड (विषाणूची प्रथिनं ओळखणारी जलद चाचणी) साधारण 15 मिनिटांत वाचायचं, किटवर दिलेली वेळ उलटल्यावर उमटलेली रेघ धरायची नाही. कार्ड निगेटिव्ह आलं आणि लक्षणं असतील तर पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी, जास्त अचूक चाचणी) हवीच, तोवर पेशंट वेगळाच ठेवायचा. वॉर्डातल्या छोट्या मॉलिक्युलर यंत्राचा (तेही जनुकीय द्रव्यच शोधतं) रिपोर्ट कार्डापेक्षा जास्त भरवशाचा. पण पॉझिटिव्ह आल्यावर रिकामी खोली शोधत बसलात तर त्या घाईचा काय उपयोग? खोली कोणती, फोन कोणाला, शेजारच्या खाटेवर कोण, हे यंत्र चालू असतानाच ठरवा. फ्लू निघाला तर ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध लवकर सुरू झालेलं बरं. या पेशंटना लक्षणं सुरू होऊन 48 तास उलटले तरी ते देतात.

न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500च्या खाली आणि ताप 101 फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायला हवा. स्वॅबच्या रिपोर्टसाठी तो अडवू नका. विषाणू सापडला म्हणजे जिवाणू नाहीत असं होत नाही.

रात्री खाटेजवळ झोपणाऱ्या नातेवाइकालाही रोज विचारा, खोकला आहे का. बरेच जण लपवतात, कारण पेशंटजवळ दुसरं कोणी थांबणारं नसतं. रागावू नका, मास्क द्या आणि घरून बदली कोण येईल ते त्यांच्यासोबत बसून ठरवा.