शर्यतीच्या इंजिनासाठी व्हॉल्व स्प्रिंग कशी निवडावी

एकदा कॅमशाफ्ट (व्हॉल्व उघडणारा फिरता दांडा) बदलून इंजिन ८००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला ८००० फेऱ्यांपर्यंत) फिरवायचे ठरले की बहुतेक जण व्हॉल्व परत बंद करणारी, बाजारात मिळेल ती सर्वांत कडक स्प्रिंग विकत घेतात, आणि तिथेच चूक होते. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग कॅमचे लोब (उंचवटे) आणि त्यांची हालचाल व्हॉल्वपर्यंत नेणारे रॉकर झिजवते, टायमिंग बेल्टवर ताण आणते आणि व्हॉल्वला प्रत्येक फेऱ्यात सीटवर (बंद होताना व्हॉल्व टेकतो त्या कडेवर) अधिक जोराने आदळवते. म्हणून काम भागेल एवढाच दाब, थोडी राखीव ताकद ठेवून, शोधून काढायचा असतो. उदाहरणासाठी आपण मारुती एस्टीमचे १२९८ सीसीचे १६ व्हॉल्वचे इंजिन घेऊ. भारतातल्या रॅली आणि ट्रॅकवर ते वर्षानुवर्षे धावले आहे. (आरएक्स १०० वर वाढलेल्या वाचकांना हे सारे नवे वाटेल, कारण त्या टू-स्ट्रोक इंजिनात अशा स्प्रिंगा नसतातच.) पुढे येणारे वजन-दाबाचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, आपले आकडे आपल्याच हेडवरून (व्हॉल्व बसवलेल्या इंजिनाच्या वरच्या भागावरून) आणि कॅमवरून काढावेत.

कॅम कोणता आणि वरची मर्यादा किती, हे आधी पक्के करावे. स्प्रिंग त्यानंतर येते. चुकीच्या गिअरमध्ये टाकल्यास इंजिन लिमिटरने (वेग रोखणाऱ्या यंत्रणेने) घातलेल्या मर्यादेच्याही वर जाते, म्हणून ठरवलेल्या मर्यादेवर आणखी ३०० ते ५०० आरपीएम धरून हिशेब केलेला बरा. वेग वाढला की व्हॉल्वला कॅमच्या मागोमाग ओढून ठेवायला लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६५०० वरून ८००० वर जाणे म्हणजे वेगात २३ टक्के वाढ, पण बलात सुमारे ५१ टक्के. मूळ स्प्रिंग आजवर नीट चालली, हा पुरावा म्हणूनच पुरेसा नाही.

आता हिशेब. व्हॉल्व, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी), लॉक (ती टोपी व्हॉल्वला अडकवणारे तुकडे), रॉकरचा व्हॉल्वच्या टोकाशी जाणवणारा भाग आणि स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाचा एक तृतीयांश भाग मिळून ९० ग्रॅम होतात असे धरू. कॅम बनवणाऱ्याकडून मिळणाऱ्या तक्त्यात लोबच्या टोकाशी व्हॉल्वचा वेग किती झपाट्याने कमी होतो ते दिलेले असते. ते कॅमच्या दर अंशवर्गाला ०.००८ मिमी मानू. ८००० आरपीएमला कॅम निम्म्या वेगाने, म्हणजे ४००० फेऱ्यांनी फिरतो. त्यावरून लागणारे बल सुमारे ४२ किलो येते आणि २० टक्के राखीव धरल्यास ५१ किलो. व्हॉल्व ९.५ मिमी उघडतो असे धरले, तर बंद स्थितीत २४ किलो दाब देणारी आणि दर मिलिमीटरला ३ किलोने वाढणारी स्प्रिंग पूर्ण उघडताना ५२.५ किलो देते, म्हणजे ती चालेल. याच हिशेबात वजन १० ग्रॅमने कमी केले, तर तेवढ्याच स्प्रिंगवर वेगाची मर्यादा सुमारे ६ टक्के वर जाते. त्यामुळे हलके रिटेनर ही चैन नव्हे, असे माझे मत आहे.

दाब मात्र स्प्रिंग कोणत्या उंचीवर बसली आहे त्यावर ठरतो. प्रत्येक व्हॉल्वची ही बसवलेली उंची, रिटेनर आणि लॉक लावून, वेगळी मोजावी. सोळाही, एखादा सोडून नाही. सीट घासून व्हॉल्व ०.७ मिमी आत गेला असेल, तर वरच्या उदाहरणात दोन किलोहून अधिक दाब हरवतो. तो स्प्रिंगखाली पोलादी शिम (पातळ चकती) घालून भरून काढावा. हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे स्प्रिंगखाली पोलादी वॉशर हवाच, नाहीतर ती हेड कुरतडते.

मग कॉइल एकमेकींना टेकतात का ते पाहावे. उंची ३५ मिमी असेल, तर पूर्ण उघडताना २५.५ मिमी उरते. पूर्ण दाबलेली स्प्रिंग २३.८ मिमीची असेल, तर १.७ मिमी जागा राहते. दीड मिमीच्या आसपासची ही जागा योग्य होय. त्याहून फार कमी ठेवल्यास स्प्रिंग तुटू शकते. फार जास्त ठेवल्यास कॉइलना आतल्या आत थरथरायला वाव मिळतो. रिटेनरचे तळ आणि व्हॉल्व सील यांच्यातही पूर्ण उघडताना साधारण तेवढेच अंतर हवे. ते तपासायचे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

ही थरथर म्हणजे स्प्रिंगच्या स्वतःच्या कंपनाची लाट. वेग वाढल्यावर तिचा ठेका कॅमच्या ठेक्याशी जुळला, तर कागदावर पुरेसा असलेला दाब ऐनवेळी कमी पडतो. दुहेरी स्प्रिंगमधल्या दोन स्प्रिंगा एकमेकींना घासून ही लाट शमवतात, आणि त्यांचे वळण उलट दिशेचे असते म्हणजे त्या अडकत नाहीत. एक तुटली तरी दुसरी व्हॉल्वला सिलिंडरमध्ये पडू देत नाही, हा मोठा दिलासा. वर निमुळती होत जाणारी, मधमाशांच्या पोळ्याच्या आकाराची स्प्रिंग वजनाला हलकी असते, तिला लहान रिटेनर पुरतो आणि कॉइलचा व्यास बदलत गेल्याने लाटेला एकच ठेका सापडत नाही. रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर धावणाऱ्या इंजिनासाठी मी हीच निवडीन.

जोडणी झाल्यावर इंजिन प्रथम हाताने दोन फेरे फिरवावे. सुरू केल्यावर मध्यम वेगाने गरम होऊ द्यावे, पूर्ण थंड करावे आणि मगच वेग वाढवावा, कारण नवी स्प्रिंग पहिल्या गरम-थंडीत थोडी बसते. ट्रॅकवरच्या काही फेऱ्यांनंतर टॅपेटचे अंतर (रॉकर आणि व्हॉल्वचे टोक यांच्यातली फट) पुन्हा मोजावे: ते कमी झाले असेल तर व्हॉल्व सीटमध्ये रुतत आहे, वाढले असेल तर लोब किंवा रॉकर झिजतो आहे.