क्रेडिट कार्ड घेताना नेटवर्क कसे निवडावे: इंदूरकरांसाठी

क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरताना आपण मर्यादा विचारतो, वार्षिक फी विचारतो, पेट्रोलवर काही सुटते का तेही विचारतो. कार्डाच्या कोपऱ्यात रुपे येणार की व्हिसा, हे बहुतेकांना पाकीट फोडल्यावर कळते. रिझर्व्ह बँकेच्या 6 मार्च 2024 च्या परिपत्रकानुसार 6 सप्टेंबर 2024 पासून ही निवड ग्राहकाच्या हातात आली आहे. पण ती मागून घ्यावी लागते, आणि मागण्याच्या वेळा दोनच: नवे कार्ड देताना आणि जुन्याचे नूतनीकरण होताना.

उधारी देते ती बँक. व्याज, दंड, मर्यादा, बिलाची तारीख सगळे तिचे. दुकानातल्या मशीनपासून बँकेपर्यंत व्यवहाराचा निरोप नेते ते नेटवर्क. भारतात अशी पाच अधिकृत आहेत: रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस आणि डायनर्स क्लब. हा फरक किती खरा आहे हे 2021 मध्ये दिसले. व्यवहारांची माहिती भारतात साठवण्याचा नियम न पाळल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस आणि डायनर्सला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. ज्या बँकांची मदार एकाच नेटवर्कवर होती, त्यांचे नवे कार्ड देणे अडले. पुढे ही बंदी उठली. आता एकाच नेटवर्कशी बांधून ठेवणारे करार करायला बँकांना मनाई आहे.

पायरी 1: हक्क लागू आहे का ते पाहा

ज्या बँकेची चालू क्रेडिट कार्डे 10 लाख किंवा त्याहून कमी आहेत, तिला हा नियम लागू नाही. छोट्या सहकारी बँकेत त्यामुळे जे मिळेल ते घ्यावे लागेल. अमेरिकन एक्सप्रेससारखी कंपनी स्वतःच्याच नेटवर्कवर कार्ड देते, तिलाही सूट आहे. आणि हा नियम फक्त क्रेडिट कार्डाचा. डेबिट कार्डावर सक्ती नाही, शाखेत विचारून पाहता येते एवढेच.

पायरी 2: तीन महिन्यांचा खर्च मांडा

यूपीआय ॲपमधला इतिहास आणि बँकेचे स्टेटमेंट उघडा. खर्चाचे तीन गट करा: क्यूआर स्कॅन करून, मशीनवर किंवा ऑनलाइन, आणि परदेशी. जो गट जड, त्यावर निर्णय.

इंदूरमध्ये पहिला गट बहुधा जड निघतो. सकाळचे पोहे-जिलबी, भाजी, दूधवाला, छप्पन दुकान, रात्रीचा सराफा, सगळीकडे क्यूआर. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची परवानगी रुपेपासून सुरू झाली आणि सप्टेंबर 2022 पासून ती सोय वापरात आहे. म्हणून या गटासाठी रुपे.

जोडणी अशी: यूपीआय ॲपमध्ये रुपे क्रेडिट कार्ड जोडण्याचा पर्याय उघडा, बँक निवडा, कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत भरा, ओटीपी टाका, नवा यूपीआय पिन ठरवा. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ॲपमधला नंबर एकच हवा. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. कार्डाचा पिन वेगळा आणि हा वेगळा.

आता गोम. सराफ्यात एखाद्या गाडीवर स्कॅन केले आणि व्यवहार फसला, तर दोष कार्डाचा असेलच असे नाही. कित्येक फेरीवाल्यांचा क्यूआर त्यांच्या वैयक्तिक खात्याचा असतो. क्रेडिट कार्डातून यूपीआयने फक्त व्यापारी क्यूआरवर पैसे जातात. मित्राला, घरमालकाच्या खात्यात किंवा स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात पाठवता येत नाहीत. दुसरी अडचण मोठ्या रकमेची. छोट्या व्यापाऱ्याला अशा व्यवहारात 2,000 रुपयांपर्यंत शुल्क नाही, त्यापुढे लागू शकते. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये 8,000 ची साडी घेताना दुकानदार कुरकुरला तर कारण हे. शिवाय काही बँका यूपीआयने केलेल्या खर्चावर पॉइंट कमी देतात किंवा देतच नाहीत. अटींचा कागद वाचा.

पायरी 3: परदेशचे काम असेल तर

मुलगी जर्मनीत शिकते, किंवा परदेशी सॉफ्टवेअरचे पैसे दरमहा भरावे लागतात, अशा घरात व्हिसा किंवा मास्टरकार्ड सोयीचे. रुपेची आंतरराष्ट्रीय कार्डेही डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी यांच्या जाळ्यातून बाहेर चालतात, पण प्रत्येक रुपे कार्ड आंतरराष्ट्रीय नसते. परकीय चलनावरचे शुल्क बँक ठरवते. बऱ्याच साध्या कार्डांवर ते 3.5 टक्क्यांच्या आसपास, वर जीएसटी. परदेशी दुकानातल्या मशीनने ‘रुपयांत भरायचे का’ विचारले तर नाही म्हणा, तिथला विनिमय दर महाग पडतो.

दोन्ही गट जड असतील तर एकाच बँकेकडून एकाच मर्यादेत रुपेचे दुसरे कार्ड मिळते का ते विचारा. काही बँका देतात. फी आधी विचारायची.

पायरी 4: फॉर्मवर लिहून घ्या

मॉलमधल्या टेबलावर एजंट टॅबवर फॉर्म भरून देतो. नेटवर्कच्या रकान्यात आधीच काहीतरी निवडलेले असते आणि तो पुढे सरकतो. थांबवा, स्क्रीन स्वतः पाहा. “या कार्डात हाच पर्याय आहे” असे उत्तर आले तर दुसऱ्या कोणत्या कार्डात आपले नेटवर्क आहे ते विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. तोंडी आश्वासनाला पुढे पुरावा नसतो.

पायरी 5: पाकीट उघडल्यावर

आधी आकडे पाहा. 4 ने सुरू होते ते व्हिसा. 51 ते 55 मास्टरकार्ड, त्याची काही कार्डे 2 नेही सुरू होतात. 60, 65, 81, 82 किंवा 508 रुपेचे. अमेरिकन एक्सप्रेस 34 किंवा 37 ने सुरू होते आणि आकडे 15.

चुकीचे आले असेल तर कार्ड सुरू करू नका, ओटीपी देऊ नका, बँकेला लगेच लेखी कळवा. 30 दिवसांत कार्ड सुरू झाले नाही तर बँकेला ओटीपीने संमती मागावी लागते. ती न दिल्यास 7 कामाच्या दिवसांत खाते विनाशुल्क बंद करावे लागते. मात्र आधी नेटवर्क बदलून मागणे बरे, कारण नव्या अर्जाची चौकशी पुन्हा सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जव्यवहारांच्या नोंदीत, नोंदली जाते.

बरोबर आले असेल तर ऑनलाइन, स्पर्शविरहित आणि परदेशी वापर ॲपमधून स्वतः चालू करा. नवे कार्ड हे वापर बंद ठेवूनच येते.

जुने कार्ड असेल तर

कार्डावरची मुदत पाहा आणि दोन-तीन महिने आधी बँकेला लिहा. नवे कार्ड आपोआप छापले गेले की पुढची संधी थेट पुढच्या नूतनीकरणाला. नेटवर्क बदलले की कार्डाचा क्रमांक बदलतो. वीजबिल, विम्याचा हप्ता, मोबाइल रिचार्ज यांची आपोआप वजावट आणि खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेले कार्ड पुन्हा नोंदवावे लागते. विम्याचा हप्ता सर्वांत आधी बदला.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा पर्याय नाकारला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, माहितीसाठी क्रमांक 14448. बँकेशी झालेला ईमेल सोबत जोडा.