टोकियोत ब्रिटिश कंपनीचं काम सुरू करताना: आधी स्वतःचं नाव नक्की करा

लंडनच्या किंवा पुण्यातल्या ब्रिटिश कंपनीने ‘जरा जपानचं बघ’ म्हणून ज्यांना विमानात बसवलंय, आणि ब्रिटिश पासपोर्टवर येऊन ज्यांना स्वतःचंच काही थाटायचंय, अशा दोघांसाठी हे आहे. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, पाच मिनिटं आधी पोचायचं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. त्यावाचून कुणाचं अडत नाही. अडतं ते खिडकीवर, फॉर्म भरताना.

पहिलं काम म्हणजे जुनी माहिती डोक्यातून काढा. ‘५० लाख येन दाखवा आणि बिझनेस मॅनेजर व्हिसा घ्या’ हा सल्ला अजून सगळीकडे फिरतोय. १६ ऑक्टोबर २०२५ पासून भांडवलाचा तो आकडा ३ कोटी येन झालाय. सोबत एक पूर्णवेळ कर्मचारी हवा, आणि तो जपानी नागरिक, कायमचा रहिवासी किंवा जपानी माणसाचा जोडीदार अशा गटातलाच हवा. वर्क व्हिसावरचा इंजिनिअर ठेवलात तर तो या मोजणीत धरत नाहीत. तुम्हाला किंवा त्या कर्मचाऱ्याला बी-२ पातळीचं, म्हणजे कामकाज सहज चालवता येईल इतपत, जपानी यायला हवं. तुमच्याकडे तीन वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव किंवा मास्टर्स पदवी हवी. व्यवसायाचा आराखडा सीए, करसल्लागार किंवा लघुउद्योग सल्लागार अशा परवानाधारक माणसाने तपासलेला हवा. राहत्या घरातच ऑफिस दाखवणं आता चालत नाही. ज्यांच्याकडे हा व्हिसा आधीपासून आहे त्यांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत सवलत आहे. तुम्ही नवे असाल तर ती तुमच्यासाठी नाही.

या ३ कोटींचे मागाहून येणारे परिणाम कुणी सांगत नाही. काबुशिकी गाइशा (शेअर भांडवलाची कंपनी) महाग आणि गोदो गाइशा (मर्यादित जबाबदारीची साधी कंपनी) स्वस्त, असं सगळे म्हणतात, कारण नोंदणीशुल्क पहिल्याचं किमान १,५०,००० येन आणि दुसऱ्याचं ६०,०००. पण नियम भांडवलाच्या ०.७ टक्के किंवा ही किमान रक्कम, यातली जी मोठी असेल ती, असा आहे. ३ कोटींचे ०.७ टक्के म्हणजे २,१०,००० येन, आणि ते दोन्हीकडे सारखेच. गोदोला नोटरीकडून कंपनीची नियमावली प्रमाणित करावी लागत नाही, एवढाच फरक उरतो. तेवढ्यासाठी गोदो निवडू नका. जपानी ग्राहकाला काबुशिकी हे नाव ओळखीचं वाटतं. भांडवल १ कोटी किंवा जास्त असलं की पहिल्या दोन वर्षांची कंझम्प्शन टॅक्सची, म्हणजे विक्रीवरच्या कराची, माफी जाते. नफा असो वा नसो, टोकियोच्या २३ वॉर्डांत भरावा लागणारा ठोक स्थानिक कर छोट्या कंपनीला वर्षाला ७०,००० येन असतो. भांडवल १ कोटीच्या वर गेलं की तो १,८०,००० होतो. हे आकडे लंडनला पहिल्याच बजेटमध्ये कळवा, नाहीतर वर्षअखेरीला तुम्हीच उत्तरं देत बसाल.

कंपनीकडूनच येणाऱ्यांचा रस्ता बराच सोपा आहे. मूळ कंपनीच्या परदेशातल्या ऑफिसात सलग एक वर्ष काम झालं असेल तर अंतर्गत बदलीचा व्हिसा मिळतो, आणि त्याला पदवीची अट नाही. तेव्हा वर्ष भरायच्या आत ‘लगेच निघ’ म्हटलं तर सरळ नाही म्हणा. कंपनीला फक्त बाजाराचा अंदाज घ्यायचा असेल तर नोंदणी न करता प्रतिनिधी कार्यालय उघडता येतं. त्याला विक्री करता येत नाही आणि त्याच्या नावावर बँक खातंही निघत नाही. जेट्रो ही सरकारी संस्था पात्र कंपन्यांना ५० कामाच्या दिवसांपर्यंत फुकट ऑफिस देते. ते न मागता महागडी भाड्याची टेबलं घेणाऱ्यांना काय म्हणावं!

आता नावाकडे या. हा भाग सावकाश वाचा, कारण इथेच माणूस फसतो.

ब्रिटिश पासपोर्टवर आधी आडनाव असतं आणि खाली एकाच रकान्यात बाकीची सगळी नावं. ब्रिटिशांचं मधलं नाव त्या रकान्यात असतं, आपल्याकडे वडिलांचं. विमानतळावर जे झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, मिळतं त्यावर हाच क्रम रोमन अक्षरांत जसाच्या तसा उतरतो: पाटील अविनाश मधुकर. तीन शब्द, मध्ये ना स्वल्पविराम ना खूण. इथपर्यंत काही बिघडत नाही.

मग घर मिळाल्यावर १४ दिवसांत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, पत्ता नोंदवायचा. तिथल्या फॉर्मवर नावाचा उच्चार काताकानात, म्हणजे परकी शब्द लिहायच्या जपानी लिपीत, लिहायला एक बारीक ओळ असते. बरोबर-चूक कुणी तपासत नाही, कारण तुमच्या नावाचा उच्चार तुम्हालाच माहीत. म्हणून माणूस उभ्याउभ्या काहीतरी खरडतो, नाहीतर समोरची बाई ऐकू येईल तसं लिहिते. ‘पाटील’चं ‘पातिरु’ होतं, किंवा ‘पा’ लांबवून ‘पाऽतिरु’. ‘अविनाश’मधल्या ‘वि’साठी एक नवं अक्षर आहे, पण बरेच जण ‘बि’ लिहितात. ल आणि र हे एकच. ळ तर विसराच. ‘ख्रिस्टोफर’चं ‘कुरिसुतोफाऽ’ होतं.

यानंतर बँक. जपानी बँकांच्या आपसातल्या व्यवहारात छोटी काताकाना अक्षरं चालत नाहीत. ‘ति’ हा आवाज ‘ते’ला छोटा ‘इ’ जोडून लिहितात. बँकेत तो ‘इ’ मोठा होतो आणि तुम्ही ‘पातेइरु’ होता. ख्रिस्टोफरचा ‘फा’ म्हणजे ‘फु’ला छोटा ‘आ’, तो फुटून ‘फुआ’ होतो. स्वर लांबवायच्या खुणेच्या जागी साधी आडवी रेघ येते. मधलं नाव एक बँक घेते, दुसरी अक्षरं संपली म्हणून कापते. वॉर्ड ऑफिसात एक नाव, बँकेत दुसरं, मोबाइल कंपनीकडे तिसरं, आणि तिन्ही ठिकाणी माणूस एकच!

हे हसण्यावारी नेऊ नका. कंपनीने पगार ‘पातिरु’च्या नावे पाठवला आणि खातं ‘पातेइरु’चं असलं तर पैसे परत जाऊ शकतात. मोठा दणका भांडवलाच्या वेळी बसतो. कंपनी अजून जन्मालाच आलेली नसते, म्हणून तिच्या नावावर खातं नसतं. भांडवल संस्थापकाच्या किंवा होऊ घातलेल्या संचालकाच्या वैयक्तिक खात्यात जमा करायचं आणि पासबुकाची प्रत नोंदणी कार्यालयात द्यायची. तिथल्या कारकुनाच्या टेबलावर तेव्हा शेजारी शेजारी असतात नियमावलीतलं काताकाना नाव, सहीच्या दाखल्यावरचं रोमन नाव आणि पासबुकावरचं नाव. हा एकच माणूस, याची त्याला खात्री पटायला हवी. नाही पटली तर दुरुस्ती, पुन्हा सही, पुन्हा लंडनचं कुरिअर.

म्हणून विमानात बसायच्या आधी चार गोष्टी नक्की करा: मधलं नाव ठेवायचं का (झाइर्यू कार्डावर येणारच, तेव्हा ठेवाच), ‘वि’ की ‘बि’ (‘बि’ घ्या, फोनवर सांगायला सोपं), स्वर कुठे लांबवायचा, आणि कुठल्या शब्दानंतर जागा सोडायची. एका जपानी माणसाकडून ते कागदावर लिहून घ्या, खाली छोटी अक्षरं मोठी केलेला बँकेचा अवतार लिहून घ्या, फोटो मोबाइलमध्ये ठेवा. वॉर्ड ऑफिसात स्वतः लिहू नका, तो फोटो दाखवा. निघण्यापूर्वी त्यांच्या नोंदीत उच्चार कसा गेलाय ते विचारा, आणि जुमिनह्योच्या, म्हणजे रहिवासाच्या दाखल्याच्या, दोन प्रती घ्या. एकीला साधारण ३०० येन पडतात. हान्को, म्हणजे सहीऐवजी वापरायचा शिक्का, कोरून घेणार असाल तर त्यावरही हीच अक्षरं.

आणि हे सगळं वाचायच्या आधीच गोंधळ झाला असेल तर घाबरून जाऊ नका. प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती होते, कुणी ओरडत नाही. वेळ मात्र जातो.

खात्याचं आणखी एक. सहा महिने पूर्ण होईपर्यंत, किंवा जपानमधल्या ऑफिसात नोकरी लागेपर्यंत, परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही अनिवासी असता, आणि बऱ्याच बँका दारातूनच परत पाठवतात. आणि इंग्लंडहून पाठवलेले ३ कोटी मधल्या बँकेचं शुल्क कापून काही हजार येनांनी कमी पोचतात. नियमावलीत ३ कोटी आणि पासबुकात त्याहून कमी, झालं, अर्ज अडकला. थोडे जास्तच पाठवा.

सॉफ्टवेअरवाल्यांनी लक्ष द्या. परदेशी गुंतवणुकीची खबर बँक ऑफ जपानमार्फत द्यावी लागते. बहुतेक धंद्यांना ती नंतर ४५ दिवसांत चालते, पण सॉफ्टवेअर आणि माहिती प्रक्रिया २०१९ पासून आधीच खबर द्यावी लागणाऱ्या यादीत आहेत. प्रतीक्षा ३० दिवसांची, बऱ्याचदा कमी होते. कंपनी नोंदवून झाल्यावर हे आठवलं तर फार उशीर झालेला असतो.

सल्लागारांबद्दल माझं मत कडवट आहे. व्हिसाला ग्योसेइ शोशी, कंपनी नोंदणीला शिहो शोशी, कराला झेइरिशी: तीन वेगळे परवाने, तीन वेगळी माणसं. ‘सगळं आम्हीच करतो’ म्हणणाऱ्याला विचारा की नोंदणीच्या अर्जावर सही कुणाची. उत्तर देताना तो घुटमळला तर उठा. पबमध्ये भेटणारा पंधरा वर्षं जुना देशबांधव प्रेमळ असतो, पण त्याचा व्हिसा ५० लाखांच्या जमान्यातला. मात्र जाणत्याचं ऐकायचंच नाही असंही नाही. १६१३ साली इंग्रजांची जपानातली पहिली वखार उघडताना विल्यम ॲडम्स या इंग्रज खलाशाने एदोजवळचं (आजच्या टोकियोजवळचं) उरागा सुचवलं होतं. तो १६०० पासून जपानात होता. वखार उघडायला आलेल्या कॅप्टन सॅरिसने ते बाजूला सारून डचांच्या शेजारी हिरादो निवडलं. दहा वर्षांत, १६२३ ला, तोट्यात वखार बंद.

पेन्शनचं गणित पासपोर्ट बघून नाही, पगार कुठून निघतो ते बघून करा. ब्रिटन-जपान करार २००१ पासून आहे: पाच वर्षांपर्यंतच्या बदलीसाठी ब्रिटनच्या कर खात्याकडून दाखला आणला की जपानी पेन्शन भरावी लागत नाही. आरोग्य विमा मात्र इथलाच. पण या करारात दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजत नाहीत. जपानी पेन्शनला किमान १० वर्षं लागतात, आणि तुमची ब्रिटनमधली वर्षं त्यात धरली जात नाहीत. भारत-जपान करारात, २०१६ पासून, ती धरली जातात. पुण्याच्या पगारावर आलात की लंडनच्या, याने इतका फरक पडतो. देश सोडताना एकरकमी परतावा घेतला की इथली ती वर्षं पुसली जातात, हेही लक्षात ठेवा.

जुमिनझेइ, म्हणजे स्थानिक रहिवासी कर, मागच्या वर्षाच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी येत नाही आणि दुसऱ्या वर्षी जूनला येतो. तो पैसा बाजूला ठेवा. कंपनीचं विवरणपत्र वर्ष संपल्यापासून दोन महिन्यांत द्यायचं असतं. लंडनला हिशेब सादर करायला नऊ महिन्यांची सवय असते, त्यांना आधीपासून टोचत राहा.

ओळखीपाळखींसाठी ब्रिटिश चेंबर, स्थापना १९४८, आणि जपान-ब्रिटिश सोसायटी, १९०८. चेंबरच्या कार्यक्रमाला महिन्यातून एकदा जा, त्याहून जास्त नको. तिथे सगळे विकायलाच आलेले असतात. योकोहामाचा कंट्री अँड ॲथलेटिक क्लब १८६८ चा, कोबेचा रेगाटा क्लब १८७० चा. खेळणाऱ्याला तिथे लवकर माणसं मिळतात. टोकियो टॉवरजवळच्या सेंट अल्बन्स चर्चमध्ये प्रार्थना इंग्रजीत होते. मुलांसाठी टोकियोतली ब्रिटिश स्कूल आहे, पण फी कंपनी देणार का हे नेमणुकीच्या पत्रावर लिहून घ्या. आपली माणसं हवी असतील तर एदोगावा वॉर्डातलं निशिकासाई. तिथूनच २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेले. डाळतांदळाचा प्रश्न तिथे सुटतो.

लंडनबरोबरची रोजची मीटिंग संध्याकाळी सहाला लावा. उन्हाळ्यात तिकडे सकाळचे दहा असतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर नऊ. जपानमध्ये घड्याळ हलत नाही, तेव्हा त्या सोमवारी लंडनवाले चुकणार. आदल्या शुक्रवारी निरोप पाठवा.