बार जिथे भरता, तिथून तपासणी सुरू करा

तंबाखूचा बार खालच्या ओठाआड भरता की गालात, डावीकडे की उजवीकडे? तोंडातला बिघाड बहुतेक वेळा नेमका तिथेच सुरू होतो. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटीन झपाट्याने रक्तात उतरतं आणि तोच चुना आतली नाजूक कातडी भाजतो. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हिरडी आजारी असूनही रक्त कमी येतं. तेव्हा ‘रक्त येत नाही, हिरड्या ठणठणीत’ हा हिशेब चुकीचा. मिश्री लावणाऱ्यांनाही हे लागू आहे. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच.

महिन्यातून एकदा, सकाळची लोकल गाठायच्या घाईत नव्हे तर रात्री, खळखळून चूळ भरा. कवळी असेल तर काढा. आरसा आणि मोबाइलचा टॉर्च पुरेसा आहे. ओठ खाली ओढून बाराच्या जागेची हिरडी शेजारच्या हिरडीशी ताडून पाहा. दाताचं पिवळट मूळ उघडं पडलं असेल तर हिरडी सरकली आहे. ती आपोआप वर येत नाही.

मग गाल बोटाने बाहेर ताणा. पांढरा चट्टा दिसला तर ओल्या स्वच्छ कापडाने हलकेच पुसा. पुसूनही गेला नाही तर डॉक्टरांना दाखवायचाच. लाल, मखमली चट्टा त्याहून धोक्याचा, आणि तो बहुधा दुखत नाही. जीभ रुमालाने धरून दोन्ही कडा आणि खालचा भाग पाहा.

शेवटी स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी, पुढच्या दातांमध्ये घाला. जात नसतील किंवा तिखट अचानक झोंबू लागलं असेल, तर सुपारीने गालाची कातडी आतून ताठरत असण्याची शक्यता आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी टपरीवरच्या माव्यातही सुपारी असतेच. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी’ ही पळवाट इथे चालत नाही. आखडलेलं तोंड पूर्ववत होणं कठीण. सुपारी सोडली तर निदान वाढ रोखता येते.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, चट्टा किंवा मानेतली गाठ घेऊन मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय गाठा. मलमं लावत बसू नका.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. निकोटीन गम घेतलात तर तो नेहमीच्या च्युइंगमसारखा चघळू नका: चुरचुरेपर्यंत हळू चावा, मग गालात ठेवा, चव ओसरली की पुन्हा चावा. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको.