गाळ काढण्याआधी गावात बसा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात आमचा खानापूर तालुका. इथं पावसाला तोटा नाही. मलप्रभा नदी इथंच, कणकुंबीला उगम पावते. तरी एप्रिल लागला की आमच्या भागातल्या कितीतरी बायकांना घागर घेऊन लांब जावं लागतं, कारण तळी गाळानं भरलीत. अशा एका तळ्यावर मी गावकऱ्यांसोबत सहा वर्षं काम केलं. तुमच्या गावात असं काही करायचं मनात असेल तर जेसीबी सांगायच्या आधी हे वाचा.

पहिले काही महिने नुसतं ऐका. आमच्या गावात पूर्वी एका संस्थेनं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं. दुसऱ्या वर्षी मोटार जळाली. दुरुस्ती कुणी करायची, पैसे कुणी द्यायचे, काहीच ठरलं नव्हतं. खोलीला कुलूप लागलं ते लागलंच. त्यात गावाची चूक नव्हती, गावाला कुणी विचारलंच नव्हतं.

बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरवा. भात लावणीत आणि सुगीत तर बैठक नकोच. आम्ही एकादशीच्या भजनानंतर देवळात बसू लागलो आणि माणसं वाढली. पण गवळीवाड्यातलं कुणी येईना. तेव्हा आम्हीच तिकडं गेलो, एका अंगणात रांगोळीनं तळ्याचा नकाशा काढला आणि भोवती कुंपण दाखवलं. एक म्हातारी बराच वेळ गप्प बसून बघत होती. मग उठली, गोवरीचा तुकडा आणून उगवतीच्या काठावर ठेवला. म्हणाली, "आमची म्हसरं इथनं उतरतात. तुम्ही तारा मारालाय, मग ती पाणी कुठं पिणार?" कुंपण तिथंच रद्द झालं. त्या जागी दगड बसवून उतार केला, आणि बायकांची पाणी भरायची जागा दुसऱ्या काठाला, म्हशींपासून लांब ठेवली. हे देवळात बसून आम्हाला कधीच सुचलं नसतं.

मग पंचायत. विषय आधी वॉर्ड सभेत मांडा, तिथून ग्रामसभेत ठराव करून घ्या. पीडीओंकडे, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांकडे, एकट्यानं जाऊ नका, पाच जण जा, त्यात दोन बायका हव्यातच. एकटा माणूस सारखा जाऊ लागला की ते काम त्याचंच होऊन बसतं. अर्ज कानडीत करा, पण सही करण्याआधी मराठीत वाचून दाखवा. आमच्या तळ्याखाली कानडी बोलणारी घरंही भात करतात, म्हणून फलक दोन्ही भाषांत लिहिला.

खोदाई सुगी उरकल्यावर, पाणी आटलं की. भरावाच्या पायाला लागून खणू नका, बांध कमजोर होतो. आणि गाळ संपून खालची घट्ट चिकणमाती लागली की थांबा. तोच थर पाणी धरून ठेवतो, तो फुटला तर तळं गळतं. यंत्रवाल्याला तासाचे पैसे मिळतात, म्हणून जाणत्या शेतकऱ्याला तिथं दिवसभर उभं करा.

गाळाच्या पहिल्या खेपा आम्ही एकराच्या आत जमीन असलेल्यांना दिल्या. यावर भांडण झालं, दोन बैठका त्यातच गेल्या, पण ठरलं ते सगळ्यांसमोर ठरलं. हिशेब देवळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर रोज लिहायचा: डिझेल किती, खेपा किती, कुणी काय दिलं. वही कपाटात राहिली की कुजबुज सुरू होते.

सगळ्यात महत्त्वाचं, पुढची देखभाल खोदाईच्या आधीच ठरवा. आमच्याकडं चार आळ्या आहेत, दर वर्षी एकीची पाळी. मिरगाच्या आधी सांडव्यातला पालापाचोळा काढायचा आणि ओढ्याच्या तोंडाशी साचलेला गाळ उपसायचा. यंदा खालच्या आळीची पाळी होती. मला कळवायचंही कुणाला सुचलं नाही. मी गेले तेव्हा सांडवा साफ झालेला होता आणि पोरं बांधावर बसून चिरमुरे खात होती.