समाजमाध्यमांवरचं मतांचं ध्रुवीकरण कसं मोजावं?

भांडणं वाढली म्हणजे ध्रुवीकरण झालंच, असं नाही. मतं किती लांब गेली आणि दोन्ही बाजूंमधली देवाणघेवाण किती उरली, हे वेगवेगळं मोजावं लागतं.

१. विषय नेमका ठरवा. ‘राजकारण’ नको, एखादं विधेयक घ्या. काळही ठरवा.

२. प्रत्येकाचं मत १ (ठाम विरोध) ते ५ (ठाम पाठिंबा) असं नोंदवा. हे काम दोघांनी, एकमेकांचं न बघता करावं, कारण उपरोधिक पोस्ट भल्याभल्यांना चकवतात. एकाच्या पन्नास पोस्ट असल्या तरी माणूस एकच मोजा, नाहीतर चार बडबड्यांचं मत सगळ्यांचं ठरतं.

३. आलेख काढा. शंभर जण ३ वर असोत किंवा पन्नास १ वर आणि पन्नास ५ वर, सरासरी ३ च येते. म्हणून सरासरीवर विसंबू नका. आलेखाला दोन उंचवटे आहेत का आणि त्यांच्यात अंतर किती, ते बघा.

४. आता कोण कोणाचं पुढे पाठवतं ते तपासा. अमेरिकेतल्या २०१० च्या मध्यावधी निवडणुकीवरच्या ट्विट्सचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रीट्वीटचं जाळं स्पष्ट दुभंगलेलं दिसलं, पण एकमेकांचा उल्लेख करण्याचं जाळं तसं नव्हतं. म्हणजे विरोधकाशी बोलणं होतं, त्याचं म्हणणं पुढे नेणं मात्र क्वचितच. ही दोन जाळी एकत्र केलीत तर नेमकी हीच गोष्ट हातची जाईल.

ही फारकत आकड्यात मोजायला क्रॅकहार्ट आणि स्टर्न या संशोधकांचा १९८८ चा ई-आय (बाहेरचे-आतले) निर्देशांक सोपा आहे. समर्थक आणि विरोधक असे दोन गट धरा; एकाने दुसऱ्याचं पुढे पाठवलं की तो त्या दोघांमधला एक दुवा. गटाबाहेरच्या दुव्यांतून गटातले दुवे वजा करा आणि एकूण दुव्यांनी भागा. हजारांपैकी ९०० गटातले, १०० बाहेरचे असतील तर उत्तर −०.८. −१ म्हणजे पूर्ण फारकत.

५. पण तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एका गटात ८० टक्के आणि दुसऱ्यात २० टक्के लोक असतील, तर दुवे निव्वळ योगायोगाने जुळले तरी निर्देशांक साधारण −०.३६ येतो. गट समसमान असतील तर शून्य. तुमचा आकडा या योगायोगाच्या आकड्याशी ताडून बघा, फरक बोलतो.

६. मनातला दुरावा पोस्टवरून पुरता कळत नाही. त्यासाठी सर्वेक्षणात स्वतःच्या आणि समोरच्या गटाबद्दलची आपुलकी ० ते १०० मध्ये विचारतात आणि दोन्हींतला फरक घेतात. गप्प बसून वाचणारेही सर्वेक्षणातच सापडतात.

७. ध्रुवीकरण वाढलं असं म्हणायचं असेल, तर काही महिन्यांनी हेच निकष लावून पुन्हा मोजा. मधल्या काळात कोणी खाती बंद केली, कोण नव्याने आले, याची नोंद वेगळी ठेवा. कधी कधी मतं तीच राहतात आणि माणसं बदलतात.